वाचकांचे प्रश्न: मुंडगोडचे मठ, तिथलं जेवण आणि घरचे मोमो

हिवाळी सहलींबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं यंदा कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीबद्दल आहेत. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही नऊजण आहोत, त्यात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि दोन लहान मुलं. बेळगावहून मुंडगोडचे मठ बघून एका दिवसात परत येता येईल का? काही परवाना लागतो का? (एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

येता येईल, फक्त सकाळी लवकर निघायला हवं. बेळगाव, धारवाड, हुबळी, तडस, मुंडगोड असा रस्ता आहे आणि एका बाजूचं अंतर साधारण १४० किलोमीटर भरतं. वाटेत चहा धरला तर तीन तास लागतात. सहाला निघालात तर नऊ-साडेनऊला पोहोचाल. आठला निघालात तर हुबळीची वर्दळ गाठेल आणि पोहोचेपर्यंत जेवणवेळ होईल. लहान मुलं असली की तिथूनच दिवस बिघडायला लागतो. रेल्वेने यायचं तर हुबळीपर्यंत या, तिथून पुढे साधारण ४५-५० किलोमीटर बसने किंवा गाडीने जायचं.

मुंडगोड गाव वेगळं आणि वसाहत वेगळी, हे आधी डोक्यात पक्कं करा. वसाहत गावाबाहेर शेतांमध्ये पसरलेली आहे आणि तिचे भाग 'कॅम्प' नावाने ओळखले जातात. 'मठ कुठे आहे?' असं विचारलंत तर समोरचा 'कुठला?' असं उलट विचारेल. गांदेन मठाला 'लामा कॅम्प नंबर एक' म्हणतात आणि ड्रेपुंगला 'लामा कॅम्प नंबर दोन'. ड्रेपुंगमध्ये लोसेलिंग आणि गोमांग, तर गांदेनमध्ये शार्त्से आणि जांगत्से अशी मोठी विद्यालयं आहेत. प्रत्येकाचं प्रार्थनागृह वेगळं आहे. एका दिवसात दोन प्रार्थनागृहं नीट बघून होतात. चारही उरकायला गेलात तर मुलांना सगळ्या मूर्ती एकच वाटायला लागतील. दोन कॅम्पांच्या मध्ये चालत फिरण्याचा विचार सासूबाईंसाठी सोडा. गाडी नसेल तर रिक्षा ठरवा.

थोडी पार्श्वभूमी मुलांना गाडीतच सांगून ठेवा. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले. त्यांच्यामागून आलेल्या निर्वासितांसाठी तेव्हाच्या म्हैसूर राज्याने जमीन दिली आणि १९६६ मध्ये मुंडगोडची वसाहत सुरू झाली. तिबेटमधले मूळ मठ खूप जुने आहेत. ल्हासाजवळचा गांदेन १४०९ चा आणि ड्रेपुंग १४१६ चा. तिथून निसटलेले काही भिक्षू आधी पश्चिम बंगालमधल्या बक्सा इथल्या छावणीत होते. १९६९ च्या सुमारास ते इथे आले आणि त्याच नावांनी मठ पुन्हा उभे केले.

भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही. आधारकार्ड जवळ असू द्या, मुक्काम करायचा झाला तर अतिथिगृहात लागेल. भाषेची अडचण येत नाही. दुकानदारांना हिंदी येतं, बऱ्याच जणांना कन्नडही येतं.

सासूबाईंसाठी एक सूचना. प्रार्थनागृहात बसायला जमिनीलगतची आसनं असतात आणि ती भिक्षूंची असतात. त्यांवर बसायचं नाही आणि ती ओलांडूनही जायचं नाही. गुडघे दुखत असतील तर दाराशी असलेल्या भिक्षूला खुर्ची मागा, बहुधा मिळते. दमलं म्हणून मूर्तीकडे पाय पसरून बसणं मात्र टाळा. आपल्या देवळात जे खटकेल ते तिथेही खटकतं.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. पण हिवाळ्यात वसाहतीतली बरीच कुटुंबं स्वेटर विकायला गावोगाव गेलेली असतात. आपल्याकडे थंडीत लागणारी तिबेटी स्वेटरची दुकानं ती हीच. त्यामुळे कॅम्पातली काही छोटी खानावळं बंद दिसतील. लोसारला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधल्या त्यांच्या नववर्षाला, सगळे परत येतात आणि गजबज असते. ज्याला शांतपणे बघायचं असेल त्याने ते दिवस टाळावेत. दलाई लामांचं प्रवचन ठरलेलं असेल तर नावनोंदणी करून पास घ्यावा लागतो. आयत्या वेळी गाडी काढून जाऊ नये.

प्रश्न : मठातलं जेवण पूर्ण शाकाहारी असतं असं ऐकलं. पण तिथल्या हॉटेलात मांसाचे मोमोही मिळतात म्हणे. मग नेमकं खरं काय? (एक वाचक, खानापूर)

दोन्ही खरं आहे. मठाचा सामुदायिक स्वयंपाक शाकाहारी असतो. कॅम्पातली खासगी खानावळं मठाची नसतात, तिथे मालक ठरवेल ते शिजतं. घोटाळा इथेच होतो. भिक्षू आत बसून जेवतायत म्हणजे हॉटेल शाकाहारीच असणार, असं लोक धरून चालतात.

मुळात बौद्ध म्हणजे शाकाहारी असं समीकरण नाही. विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचरणाच्या, नियमांप्रमाणे भिक्षूला आपल्यासाठी मारलेलं दिसलं, ऐकलं किंवा तसा संशय आला, तर ते मांस चालत नाही. या तिन्हींतून सुटलेलं चालतं. तिबेटी बौद्ध ज्या महायान पंथात मोडतात त्यातले लंकावतारसूत्रासारखे ग्रंथ मात्र मांसाहाराला सरळ विरोध करतात. तिबेटच्या पठारावर भाजीपाला जेमतेम, त्यामुळे तिथे सातू, लोणी आणि मांस यांवर जगणं होतं. इथे भाजी पिकते, शिवाय दलाई लामांनीही आग्रह धरला, म्हणून मठांची स्वयंपाकघरं शाकाहाराकडे वळली.

भिक्षूंच्या पंगतीत जाऊन बसता येईल अशी मात्र कल्पना करू नका. हे धर्मस्थळासारखं येईल त्याला वाढणारं अन्नछत्र नाही. मठांच्या अतिथिगृहांना जोडून जिथे कँटीन असेल तिथे जेवा. नऊजणांसाठी पोहोचल्याबरोबर सांगून ठेवा आणि मग प्रार्थनागृह बघायला जा. मोमो मागणी आल्यावर वळले आणि उकडले जातात. एवढ्या जणांचे सांगितल्यावर पाऊण तास गेला तर नवल नाही.

खासगी खानावळीत 'व्हेज आहे का?' एवढं विचारून भागत नाही, कारण उत्तर 'हो' असंच येतं. पुढचे प्रश्न विचारा. थुक्पाचं पाणी कशाचं आहे? थुक्पा म्हणजे नूडल्सचं पातळ सूप. वर भाज्या दिसल्या तरी खालचा रस्सा हाडांचा असू शकतो. नूडल्समध्ये अंडं आहे का? मोमो एकाच मोदकपात्रात वरखाली उकडता का? तसं असेल तर वरच्या चाळणीतल्या मांसाच्या मोमोंचं पाणी खालच्यांवर ठिबकतं. तळणाचं तेल वेगळं आहे का? शाफाले हा तळलेला प्रकार बहुधा मांसाचाच असतो, तो सोडाच. शंका राहिली तर टिंगमो मागा. ही वाफवलेली, पदर सुटणारी पाव-पोळी असते आणि सोबत बटाटा किंवा पालेभाजीची भाजी मिळते. मुलांनाही ती चालते.

लोणी-मीठ घातलेला तिबेटी चहा एकच कप मागवून सगळ्यांनी घोट घोट चाखावा. चहा म्हणून प्यायलात तर तोंड वाकडं होईल. पातळ, खारट सार समजून प्यायलात तर जमेल.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि सूर्यास्तानंतर जेवत नाही. तिथे आमचं कसं जमेल? (एक वाचक, सदलगा)

जेवण घरून न्या. कोबीच्या सारणात कांदा असतोच, थुक्प्यात लसूण, आणि टिंगमोबरोबरची भाजी बटाट्याची. नुसता टिंगमो कांदा-लसणाशिवाय असतो, पण त्यात यीस्ट असतं. ते घरात चालत नसेल तर तोही गेला.

ज्वारीची कडक भाकरी, बिनलसणाची शेंगाचटणी, दशम्या आणि दही यावर दिवस मजेत निघतो. शेंगाचटणी विकतची घेऊ नका, त्यात लसूण जवळपास नेहमीच असतो. दही दशम्यांच्या डब्यापासून वेगळं ठेवा. दुपारपर्यंत गाडीत ते आंबट होतं, म्हणून निघताना थोडं कमी विरजलेलं घ्या. डबे मठाच्या अंगणात उघडू नका. अतिथिगृहाच्या कार्यालयात विचारलं तर बसायला जागा दाखवतात. परतीला सूर्यास्ताआधी जेवायचं असेल तर साडेतीनला निघून धारवाडच्या आसपास थांबा.

प्रश्न : आम्ही बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेतले बौद्ध. घरी पाली त्रिशरण-पंचशील म्हणतो. तिबेटी मठात वंदना कशी करायची? एवढ्या मूर्ती कोणाच्या? (एक वाचक, निपाणी)

तुमची वंदना तशीच म्हणा, मनात किंवा हळू आवाजात. कोणी अडवत नाही. बुद्ध, धम्म, संघ ही तीन शरणं त्यांच्याकडेही आहेत. तिबेटी परंपरेत त्यांच्याआधी गुरूला शरण जाण्याची रीत आहे. पठण तिबेटी भाषेत, खालच्या खर्जात चालतं, त्यामुळे शब्द ओळखू येणार नाहीत. सगळे एकदम नमस्कार करू लागले तर तुम्हीही करा. तीनदा करायचा. पंचांग किंवा साष्टांग जमत नसेल तर हात जोडणं पुरेसं आहे.

मूर्ती ओळखायला हातांकडे आणि पायांकडे बघा. उजवा हात गुडघ्यावरून जमिनीला टेकलेला असेल तर ते शाक्यमुनी बुद्ध. खुर्चीवर बसल्यासारखे दोन्ही पाय खाली सोडलेले असतील तर मैत्रेय, म्हणजे पुढे येणारे बुद्ध. अंग हिरवं, उजवा पाय किंचित खाली आणि पुढे केलेला, ती तारा. चार किंवा हजार हातांचा तो करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. आणि डोक्यावर पिवळी टोकदार टोपी, दोन्ही खांद्यांशी कमळं, एका कमळावर तलवार आणि दुसऱ्यावर ग्रंथ, ते चोंखापा. तिबेटी बौद्धांमधली गेलुग परंपरा, जिचे हे मठ आहेत, त्यांच्यापासून सुरू झाली आणि गांदेन त्यांनीच स्थापन केला. दोन्ही बाजूंना छोट्या मूर्ती असतील तर ते त्यांचे शिष्य ग्यालत्साब आणि खेद्रुप.

मूर्तीपुढच्या सात पाण्याच्या वाट्यांकडे मुलांचं लक्ष वेधा. रोज सकाळी त्या, आपण समोर उभे असताना डावीकडून उजवीकडे भरतात. दोन वाट्यांमधली फट सातूच्या एका दाण्याएवढी आणि पाणी काठाच्या खाली तेवढंच. पाणी सांडू नये, वाटी रिकामीही दिसू नये. संध्याकाळी उलट क्रमाने रिकाम्या करून, पुसून पालथ्या घालतात. लहान मुलं त्यांना हात लावायला जातात, तेवढं सांभाळा.

प्रदक्षिणा आपल्यासारखीच, मूर्ती उजव्या हाताला ठेवून. प्रार्थनाचक्रंही घड्याळाच्या दिशेनेच फिरवायची. उलटी फिरवली तर कोणी रागावणार नाही, पण मागून येणारी आजी आपला हात धरून सरळ करेल. चपला आणि टोपी बाहेर. आत फोटो विचारून काढा, पठण चालू असेल तर विचारूही नका. ग्रंथ जमिनीवर ठेवायचा नाही, बोट रोखून मूर्ती दाखवायची नाही, उघडा तळहात पुढे करून दाखवा. अर्पण करायचं असेल तर 'खता' नावाचं पांढरं रेशमी उपरणं दुकानात मिळतं. लोण्याचे दिवे बऱ्याच ठिकाणी काजळी आणि आगीच्या भीतीने प्रार्थनागृहाबाहेर वेगळ्या खोलीत लावतात. तिथे साडी-ओढणीचा पदर खोचून आत जा.

प्रश्न : भिक्षू अंगणात टाळ्या वाजवत भांडताना दिसतात, असा व्हिडिओ बघितला. ते काय असतं? बघता येतं का? (एक वाचक, हिंडलगा)

तो वाद आहे, पण आपल्या न्यायशास्त्रातल्या अर्थाने. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडितांच्या प्रमाणशास्त्राची, म्हणजे खरं ज्ञान कशावरून ठरवायचं या शास्त्राची, परंपरा नालंदेतून तिबेटात गेली आणि तिथे ती रोजचा अभ्यास म्हणून टिकली. धर्मकीर्तीचं 'प्रमाणवार्त्तिक' आजही त्यांच्या अभ्यासक्रमात आहे.

उभा असतो तो प्रश्न विचारणारा, बसलेला असतो तो उत्तर देणारा. बसलेल्याला लांबलचक बोलायची मुभा नसते. मान्य आहे, का?, कारण सिद्ध नाही, व्याप्ती नाही, अशा मोजक्या उत्तरांतूनच त्याने आपली बाजू सांभाळायची. व्याप्ती म्हणजे 'जिथे धूर तिथे अग्नी' हा नियम. उभा असलेला बसलेल्याच्या तोंडून आधीच्या उत्तराशी विसंगत काहीतरी वदवून घेऊ पाहतो. प्रश्न टाकताना तो डावा पाय आपटतो आणि उजवा तळहात डाव्यावर मारतो. टाळी वाजली की लगेच उत्तर यायला हवं, रेंगाळायचं नाही. मोठ्या टोळक्यात दोन-तीनजण एकावर तुटून पडतात तेव्हा ते खरंच भांडण वाटतं. गेशे ही मठातल्या अभ्यासाची सर्वांत वरची पदवी मिळेपर्यंत अशी वीसेक वर्षं जातात.

बघता येतं, अंगणाच्या कडेला उभं राहून. वेळा अभ्यासक्रमाप्रमाणे आणि सुट्ट्यांप्रमाणे बदलतात, म्हणून पोहोचल्यावर पहिल्यांदा कार्यालयात विचारा आणि जेवण त्याप्रमाणे पुढेमागे करा. दोघांच्या मधून चालू नका आणि तोंडासमोर मोबाइल धरू नका.

प्रश्न : मुंडगोडहून आल्यापासून मुलं मोमो मागतात. घरी केले तर पारी फाटते आणि खाली पाणी सुटतं. टिंगमो केला तर पिवळे डाग पडले आणि तो बसला. (दोन वाचक, शहापूर आणि चिकोडी)

पारी फाटण्याचं मूळ सारणाच्या पाण्यात आहे, कणकेत कमी. तीस मोमोंसाठी ३०० ग्रॅम कोबी अगदी बारीक चिरा, एक चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. अर्धी वाटी पाणी सहज निघेल. हेच पाणी तुमच्या पारीतून बाहेर येत होतं. मग त्यात एक किसलेलं गाजर, एक बारीक कांदा, इंचभर आलं, मिरपूड आणि शेवटी एक मोठा चमचा तेल. तेलाचा थर बसल्यावर भाजी पाणी कमी सोडते. सारण परतायचं नाही, परतलं की लगदा होतो. पुन्हा मीठ घालू नका.

पारीला २५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ आणि १२५ ते १३५ मिलिलिटर पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीपेक्षा किंचित सैल. ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरू द्या, नाहीतर लाटलेली पारी परत आखडते आणि मग आपण ती ओढून फाडतो. बारा-तेरा ग्रॅमची गोळी, लाटल्यावर आठ-नऊ सेंटिमीटर. कडा पातळ, मधला भाग जाड. मोदकाची पारी करणारा हात हे न शिकवता करतो. सगळीकडे सारखी लाटली की चुण्या एकत्र येतात तिथे कच्चं राहतं आणि बुडाशी फाटतं.

इडलीपात्राची सपाट चाळणी चालते. तेल लावा किंवा कोबीचं पान अंथरा. पाणी खळखळल्यावरच चाळणी ठेवा, दहा ते बारा मिनिटं. ओल्या बोटाने टेकवून बघा, पारी चिकटत नसेल आणि आतली भाजी किंचित दिसत असेल तर झाले. जास्त ठेवले की पारी चामट होते.

चटणीत रंगासाठी आठ ब्याडगी, झणक्यासाठी दोन संकेश्वरी, तीन टोमॅटो, पाच पाकळ्या लसूण. मिरच्या गरम पाण्यात भिजवून सगळं एकत्र उकळून वाटा. तिबेटी चटणीत जीभ बधिर करणारा एक मसाला असतो. तो आपल्या तिरफळाच्याच कुळातला. कारवार-गोव्याकडच्या दुकानांतून आणलेली चार तिरफळं, आतली काळी बी काढून, ठेचून घाला. बी राहिली तर चटणी कडू आणि कचकचीत होते.

टिंगमोचे पिवळे डाग सोड्याने पडतात. सोडा अल्कधर्मी असतो, तो नीट मिसळला नाही की मैदा जागोजागी पिवळा पडतो. सोडा वगळा, यीस्ट वापरा. ३०० ग्रॅम मैदा, एक चमचा इन्स्टंट यीस्ट, एक चमचा साखर, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा तेल आणि १६५ मिलिलिटर कोमट पाणी. बोट सहज बुडवता येईल इतपतच कोमट, जास्त गरम पाण्यात यीस्ट मरतं. आठ-दहा मिनिटं मळा. एरवी तासाभरात पीठ दुप्पट होतं, पण डिसेंबरातल्या बेळगावच्या थंडीत दीड-दोन तास लागतात, तेव्हा घड्याळापेक्षा पीठ बघा. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून वर तेल लावा, गुंडाळी करून कापा, पिळा, आणि वीस मिनिटं पुन्हा फुगू द्या. मग पंधरा मिनिटं वाफवा.

बसतो तो झाकण एकदम उघडल्यामुळे. गॅस बंद करा, झाकण कलतं ठेवा आणि तीन-चार मिनिटांनी काढा. झाकणाला आतून फडकं बांधलं तर वरून पाण्याचे थेंब पडून खड्डेही पडत नाहीत.

प्रश्न : वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त मठात भिक्षूंना जेवण द्यायचं आहे. घरून शिजवून नेलं तर चालेल का? बेळगावचा कुंदा न्यावा असंही मनात आहे. (एक वाचक, वडगाव)

शिजवून नेऊ नका. एकेका मठात भिक्षूंची संख्या हजारोंच्या घरात आहे, दोन पातेल्यांनी काही होणार नाही आणि थोड्यांना वाढलं तर बाकीचे बघत राहतील. मठाच्या कार्यालयात जाऊन चहाचं किंवा जेवणाचं दान द्यायचं आहे असं सांगा. सगळ्या सभेचा चहा, एखाद्या वर्गाचं जेवण, किंवा जमेल तेवढी रक्कम, असे पर्याय ते सांगतात. स्वयंपाक त्यांच्याच मुदपाकखान्यात होतो. वडिलांचं नाव कागदावर मोठ्या अक्षरांत, हिंदीत किंवा इंग्रजीत लिहून द्या, म्हणजे प्रार्थनेत उच्चारता येईल. पावती मागून घ्या, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. ठरावीक तिथीलाच हवं असेल तर आधी संपर्क साधून दिवस पक्का करा.

कुंदा न्या, पण ओळखीच्या किंवा भेटणार असलेल्या एखाद्या भिक्षूसाठी, आदल्या दिवशी ताजा घेतलेला आणि बंद डब्यातला. तो दुधाचा आहे, उन्हातल्या गाडीत दिवसभर राहिला तर आंबतो. सगळ्यांसाठी न्यायचं असेल तर केळी किंवा सफरचंदांची पेटी बरी. देताना दोन्ही हातांनी द्या.

प्रश्न : माझा भाऊ कॅनडाचा नागरिक आहे. तो सोबत आला तर? (एक वाचक, गडहिंग्लज)

परदेशी पासपोर्टधारकांना तिबेटी वसाहतीत राहण्यासाठी केंद्रीय गृहखात्याचा संरक्षित क्षेत्र परवाना लागतो. तो हातोहात मिळत नाही, महिने लागू शकतात. तिकीट काढण्याआधीच अर्ज करायला सांगा. परवाना वेळेत आला नाही तर भावाला मुंडगोडच्या मुक्कामात धरू नका.